वाघाडीकाठच्या पोरांना पोहता यावं म्हणून

(प्रस्तावना)

मे महिन्यात घाटंजीच्या वाघाडी नदीत उतरलं तर पायाखाली दगड-गोटे लागतात, मधूनच वाळूचा पट्टा, आणि कुठे खोलगट जागी साचलेला हिरवट डोह. त्या डोहात दुपारभर पोरं असतात आणि काठावर ढोरं. दोन महिन्यांनी, वर यवतमाळकडच्या टेकड्यांत रात्रभर पाऊस झाला की सकाळी हीच नदी काठ सोडून वाहते आणि गाव पुलाजवळ पाणी बघायला जमतं. चार-सहा तासांत चढणारं आणि दोन दिवसांत ओसरणारं हे पाणी माणसाला सवय लागू देत नाही. मालवण-रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या मुलाला पाणी रोज दिसतं, भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्याच्या अंगात मुरलेलं असतं. आपल्याकडे पाणी पाहुण्यासारखं येतं आणि आल्याबरोबर पोरं त्यात उड्या टाकतात.

याच कारणाने आपल्या भागात पोहण्याकडे कुणी गरज म्हणून पाहिलं नाही. कोरडवाहू मुलूख, कापूस-तूर-सोयाबीनची शेती, प्यायच्या पाण्याची उन्हाळ्यात मारामार. इथे पोहायला शिकून करायचं काय, असं घरोघरी ऐकू येतं. ही समजूत आता धोक्याची झाली आहे, हे सांगण्यासाठीच ही पुस्तिका आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात पाणी साठवण्याची किती कामं झाली ते आठवून पाहा. आपला वाघाडी मध्यम प्रकल्प, पुसदकडचा पूस, दिग्रसजवळचा अरुणावती, बाभूळगावकडचा बेंबळा, पैनगंगेवरचं इसापूर, यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह. त्यात पाझर तलाव, गावतलाव, सिमेंट नाला बांध, धडक सिंचन योजनेतल्या विहिरी आणि वावरावावरातली शेततळी धरा. पाणी घराच्या उंबऱ्यापर्यंत आलं. त्याच काळात पोहणं मात्र घरातून निघून गेलं.

पूर्वी पोहायला शिकवायला मास्तर लागत नसे. उन्हाळ्यात बापाने किंवा थोरल्या भावाने पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, नाही तर कमरेला दोर बांधून दुसरं टोक हातात धरायचं आणि त्याला पायऱ्यांच्या विहिरीत सोडायचं. पोरगं दोन गटांगळ्या खायचं, रडायचं आणि आठवडाभरात पाणी कापायला लागायचं. या पद्धतीत दांडगाई होती, मुली त्यातून वगळलेल्या होत्या आणि ती पुन्हा आणावी असं मी म्हणणार नाही. पण तिच्यात दोन गोष्टी पक्क्या होत्या. शिकवणारा स्वतः पोहणारा होता आणि शिकणारा एकटा नव्हता. मोट गेली, पंप आले, विहिरी खोल आणि अरुंद झाल्या, पायऱ्यांच्या जागी लोखंडी कड्या आल्या. पाण्यात सोडलेल्या मोटारीची वायर सोललेली असली तर विहिरीत उतरणं म्हणजे विजेच्या तारेला हात लावणं. शिकायची जुनी जागा अशी हातची गेली आणि नवी कुणी उभी केली नाही. आजची पोरं पोहायला शिकतात ती मित्रांबरोबर, घरी न सांगता, आणि ज्याला स्वतःलाच धड येत नाही अशा मित्राकडून.

शेततळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या तालुक्यात लहान मुलांना मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. तिच्यात मोठ्यातलं मोठं तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. बागायतीसाठी ज्यांनी पाणी मुरू नये म्हणून आत प्लास्टिकचा कागद टाकला, त्यांच्या तळ्याचे चारही काठ उतरते आणि गुळगुळीत झाले. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या कागदावर शेवाळाचा पातळ थर धरतो. पाय ओला झाला की तो खाली सरकतो, हाताला धरायला गवताची काडी नाही, दगड नाही, मुळी नाही. नदीच्या डोहात पडलेला माणूस हातपाय मारत काठाला लागला की वाचतो. इथे काठाला लागूनही वाचत नाही. वर चढायचा प्रत्येक प्रयत्न त्याला परत पाण्यात आणून सोडतो. उत्तम पोहणारा तरुणही यात दमून बुडतो. वाचवायला गेलेला बाप आणि त्याच्यामागे धावलेली आई, दोघंही त्याच कागदावरून घसरतात. एकाच घरातले दोन-तीन जण एकाच तळ्यात गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात त्या यामुळे.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. चारही बाजूंनी काठावर लाकडी खुंट ठोकून, हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर पाण्याच्या तळापर्यंत सोडायचा. त्याला जुने टायर बांधले तर पाय ठेवायलाही जागा होते. भोवती काटेरी कुंपण आणि एक झाकता येणारं फाटक करायचं. धुऱ्यावरच्या झाडाला झाकण घट्ट लावलेले दोन रिकामे प्लास्टिकचे कॅन दोरासह टांगून ठेवायचे. पिकाला पाणी देण्यासाठी तळ्यावर लाखांनी खर्च होतो. त्यातला शे-पाचशेचा दोर टाकायचा राहून जातो, हे मला अजिबात मान्य होत नाही.

आकडे थोडेच देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक पंधरा वर्षांखालची मुलं होती. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात बुडून गेलेल्यांची संख्या ३८ हजारांच्या वर आहे आणि महाराष्ट्र त्या यादीत वरच्या राज्यांमध्ये आहे. एप्रिल २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून ठरवला. आपल्याकडे हा दिवस नेमका पावसाळ्याच्या भरात, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असताना येतो. तो शाळांनी पाळण्यासारखा आहे.

विदर्भाने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये दोन आठवड्यांत दोन मोठे धक्के खाल्ले. १४ तारखेला वरुड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण बुडाले. ती एका कुटुंबातली, नात्यातली माणसं होती. दशक्रियेसाठी आली होती आणि धबधबा पाहायला नावेत बसली होती. २८ तारखेला आपल्याच जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यातल्या दहागावच्या नाल्यावर, पुलावरून पाणी वाहत असताना एसटी बस वाहून गेली. दोन्ही ठिकाणी पोहायला कुणी गेलं नव्हतं. त्यामुळे ‘आम्ही पाण्यात जातच नाही, मग शिकायचं कशाला’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना माझं उत्तर या दोन तारखा आहेत. वाहत्या पाण्याचा जोर डोळ्यांना कळत नाही. घोट्याच्या थोडं वर, म्हणजे पंधरा सेंटिमीटर खोल वेगवान पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलतं. फूटभर पाणी लहान मोटार हलवतं आणि दोन फूट पाणी बहुतेक वाहनं वाहून नेतं. रपट्यावरून पाणी असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर थांबायचं. दवाखान्याची घाई असो की लग्नाची, थांबायचं.

आता या सगळ्या विषयातली जी गोष्ट सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे ती. बुडणारा माणूस ओरडत नाही. सिनेमात तो हात हलवतो, ‘वाचवा वाचवा’ म्हणतो. प्रत्यक्षात त्याचं तोंड पाण्याच्या वर येतं ते क्षणभर आणि त्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो. ओरडायला हवा उरत नाही. त्याचे हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, म्हणून हात हलवून खूणही करता येत नाही. मान मागे झुकलेली, तोंड उघडं, डोळे शून्यात, शरीर पाण्यात उभं, आणि पायांची काहीच हालचाल पुढे नेत नाही. हे वीस सेकंद ते एक मिनिट टिकतं आणि मग माणूस खाली जातो. काठावरच्यांना वाटतं पोरगं पाण्यात खेळतंय. पाण्यात खेळणारी मुलं गोंगाट करतात. गोंगाट थांबला की मान वर करून मोजायचं: किती होते, किती दिसतात.

दिसल्यावर काय करायचं, इथे आपल्या माणसांचं मोठं मन आड येतं. उडी टाकायची नाही. बुडणाऱ्याला हाताला लागेल ते तो कवटाळतो, आणि ते तुमचं मानगूट असेल तर दोघंही जातात. आधी काठावर आडवं पडून काठी, फांदी, ओढणी, दुपट्टा पुढे करायचा. तेवढं पोहोचत नसेल तर दोर, कॅन, ट्यूब, पाण्याची रिकामी घागर फेकायची. ऑगस्ट २०२० मध्ये तामिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यातल्या कोट्टरै धरणावर चार तरुण पाण्यात बुडत असताना काठावरच्या तीन बायकांनी अंगावरची लुगडी सोडली, ती फेकली आणि दोघांना ओढून बाहेर काढलं. दोघे वाचले नाहीत, पण दोघे वाचले ते लाज आणि भीती बाजूला ठेवणाऱ्या त्या बायांमुळे. त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

बाहेर काढल्यानंतरच्या चुका तर जीव वाचलेल्याला मारतात. पोटावर दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, कुंभाराच्या चाकावर फिरवणं, मिठाच्या ढिगात ठेवणं: यांतलं काहीही करू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी-अन्न फुप्फुसात शिरतं. बुडालेल्याला हवी असते हवा. श्वास नसेल तर पाठीवर झोपवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरून तोंडावर तोंड ठेवून आधी दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मधल्या हाडावर ३० दाब, दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर दबली पाहिजे आणि वेग मिनिटाला १०० ते १२० हवा. एकाने हे करत राहायचं, दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी ग्रामीण रुग्णालयात न्यायचंच, कारण फुप्फुसाला झालेली इजा काही तासांनी डोकं वर काढते.

शिकण्याबद्दल लिहिताना मला बांगलादेश आठवतो. तिथली खेडी तळ्यांनी वेढलेली, पैसा बेताचा, तरण तलाव नाहीतच. तिथल्या लोकांनी गावच्या तळ्यात बांबूचा कठडा आणि खाली बांबूचा तळ बांधला, म्हणजे पाणी पोराच्या छातीइतकंच राहील. गावातल्याच तरुण मुला-मुलींना शिकवायचं प्रशिक्षण दिलं. चार वर्षांपासूनच्या मुलांना तीन गोष्टी यायला हव्यात असं ठरवलं: २५ मीटर पोहणं, ३० सेकंद एका जागी तरंगणं आणि स्वतः पाण्यात न उतरता दुसऱ्याला बाहेर काढणं. शिकलेल्या मुलांमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण न शिकलेल्यांच्या तुलनेत नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झालं, असं तिथल्या अभ्यासांत दिसलं. ऑलिंपिकचं पदक त्यात कुणाला मिळालं नाही. पोरं घरी परत आली.

बांबू आपल्याकडे आहे. गावतलाव आहेत. भोई आणि ढीवर समाजातली पाणी ओळखणारी माणसं आहेत. दुर्घटना झाली की पोलीस त्यांनाच बोलावतात आणि मेलेलं माणूस काढायला लावतात. जिवंत मुलांना शिकवायला मानधन देऊन त्यांना बोलवावं, हा विचार मात्र ग्रामसभेत येत नाही. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शारीरिक शिक्षणाचं काम करतंय आणि तिथून शिकून गेलेले क्रीडाशिक्षक विदर्भाच्या शाळांत आहेत. माणसं आहेत; त्यांना पाण्यापाशी एकत्र आणणं राहिलं आहे. एक अडचण खरी आहे: सुट्टी आणि पाणी यांचा मेळ बसत नाही. विदर्भाच्या शाळांची सुट्टी जूनच्या शेवटापर्यंत लांबते, पण तोवर विहिरी-तलाव तळाला जातात. दिवाळीच्या सुट्टीत पाणी भरपूर असतं, पण पहाटे गारठा. माझ्या मते मार्च-एप्रिलमध्ये, सकाळची शाळा सुटल्यावर दुपारआधी, हा शिकवण्याचा उत्तम काळ. पुरात आणि गढूळ पाण्यात शिकवणं कधीच नाही.

शिकवण्याचा क्रमही उलटा करायला हवा. आपल्याकडे आधी हातपाय मारायला सांगतात. आधी श्वास शिकवा. तोंड पाण्यात घालून नाकातोंडाने फुगे काढायचे आणि डोकं वर आणून हवा घ्यायची. हे जमलं की पाण्याची भीती निम्मी उतरते. मग उताणं तरंगणं. छाती हवेने भरलेली असली तर माणसाचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. थोडासाच भाग वर राहतो आणि तो कोणता ठेवायचा हे आपल्या हातात आहे. घाबरलेला माणूस हात पाण्याबाहेर उंचावतो. जितकं अंग बाहेर काढाल तितकं बाकीचं खाली जाईल, म्हणून हात वर आणि नाक पाण्याखाली. हात पाण्यात पसरून, कान बुडवून, पोट वर ठेवून पडलं तर नाक बाहेर राहतं. सडपातळ पोरांचे पाय खाली जातात, त्यांनी पाय हळूहळू हलवत ठेवावेत. वाहत्या पाण्यात सापडलात तर असंच उताणं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, आणि धारेशी न झगडता तिरपं तिरपं काठाकडे. सूर आणि मुटका फार नंतर. आणि तळ दिसत नसलेल्या पाण्यात तर कधीच नाही. रेती उपसलेल्या नदीपात्रात गुडघाभर पाण्यापुढे एका पावलावर दोन पुरुष खड्डा असू शकतो.

मुलींना शिकवा, हे वेगळं सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. विहिरीवर पाण्याला जाते ती बाई, नदीवर धुणं धुते ती बाई, कडेवर लहान मूल असतं ते तिच्याच. बुडणाऱ्या मुलाजवळ सर्वांत आधी पोहोचते तीही तीच. अंगभर सलवार-कुडत्यातही शिकता येतं; शिकवायला बाई असावी आणि वेळ वेगळी ठेवावी, एवढं गावाने करायचं. ज्यांना वाटतं आपल्या लेकीला हे झेपणार नाही, त्यांना अमरावतीची कांचनमाला पांडे सांगावी. डोळ्यांनी दिसत नसताना तिने डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटीत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडलेचं सुवर्णपदक जिंकलं. आणि मुरलीकांत पेटकर: १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग गेलेला सांगलीकडचा हा जवान उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण घेऊन आला. पाण्यात शरीराचं वजन हलकं होतं, सांध्यांवर भार येत नाही. म्हणून गुडघे दुखणाऱ्या आजीलाही कमरेइतक्या पाण्यातलं चालणं मानवतं.

एक इशारा खास आपल्या भागासाठी. कोलाम, गोंड, परधान आणि इतरही अनेक समाजांत सिकलसेल आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला गार पाण्यात एकदम उतरणं, दमेपर्यंत पोहणं आणि अंगातलं पाणी कमी होणं या तिन्ही गोष्टींनी भयंकर वेदनांचा झटका येऊ शकतो. शिबिराआधी रक्ताची तपासणी झाली आहे का हे विचारा. आजार असलेल्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने, कोमट वेळी, थोडं थोडं आणि भरपूर पाणी पाजून शिकवता येतं. मिरगी असलेल्या मुलाला मात्र हाताच्या अंतरावर जाणता माणूस असल्याशिवाय विहिरीवर पाणी शेंदायलाही पाठवू नये.

राहिलं जेवण. पोहणं अंगातली ताकद भराभर खर्च करतं आणि घाम पाण्यातच धुऊन जात असल्याने किती पाणी गेलं ते कळत नाही. आपल्या गावची बरीचशी पोरं सकाळी काळा चहा आणि टोस्टवर घराबाहेर पडतात, नाही तर दुकानातून पाच रुपयांची पुडी फोडतात. अशा पोटाने पाण्यात उतरलेलं पोरगं लवकर दमतं, आणि दमणं पाण्यात महागात पडतं. उतरण्याआधी पाऊण-एक तास एखादं केळं, गूळ-शेंगदाणे किंवा अर्धी भाकर पुरते. पूर्ण जेवण झालं असेल तर दीड-दोन तास थांबावं. भरल्या पोटी धाप लागते आणि उलटी होते. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्याला मात्र कोणतीही वेळ योग्य नाही, मग विसर्जन असो, धुळवड असो की पोळ्यासाठी बैल धुणं असो.

व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांत हल्ली पावडरच्या डब्यांची चर्चा असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात अशा पावडरींपासून दूर राहायला सांगितलं आहे. बेताची हालचाल करणाऱ्या साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम प्रथिनं पुरतात. रोज कसून पोहणाऱ्याला सत्तर-नव्वद लागतील. आता आपलं ताट मांडून पाहू. दिवसभरात तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी: तीस ग्रॅम. पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीचं वरण: अकरा. मूठभर फुटाणे: अकरा. मूठभर शेंगदाणे: सात. दोन अंडी: बारा. पाव लिटर दूध किंवा दही: आठ. बेरीज ऐंशीच्या जवळ गेली, आणि यातलं बहुतेक याच तालुक्याच्या वावरात पिकतं. अंडी न खाणाऱ्याने डाळ-उसळ वाढवावी.

सोयाबीनचं दुःख वेगळंच आहे. त्यात शंभर ग्रॅममागे छत्तीसच्या आसपास प्रथिनं. आपण ते पेरतो, काढतो, बाजार समितीत नेतो, भाव पडला म्हणून हळहळतो आणि घरी पोरांना टोस्ट खाऊ घालतो. पायलीभर घरासाठी मागे ठेवायला काय हरकत आहे? कच्चं मात्र पचत नाही. भिजवून नीट उकडायचं, किंवा भाजून दळून नऊ भाग पिठात एक भाग मिसळायचं. जवसाची चटणी तर आपल्या ताटातली जुनी ओळख. मांसाहार न करणाऱ्यांना ओमेगा-३ मिळण्याचा तिच्याइतका स्वस्त मार्ग दुसरा नाही. अंबाडीची भाजी, तीळ, हरभऱ्याचा पाला आणि त्यावर लिंबू किंवा आवळा घेतला तर लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर वाया जातं. वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत ही गोष्ट आईने लक्षात ठेवायची आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पोहून आल्यावर मीठ घातलेलं ताक किंवा ज्वारीची आंबील प्यावी. तेही नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

पुढच्या पानांत हे सगळं चित्रांसह, टप्प्याटप्प्याने दिलं आहे. पुस्तिका वाचून कुणी पोहायला शिकणार नाही. त्यासाठी पाणी आणि जाणता माणूस लागतो. म्हणून वाचकांकडे माझं मागणं साधं आहे. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या वावरात कागदाचं शेततळं असेल तर या आठवड्यात त्यात गाठींचा दोर सोडा आणि दोन कॅन झाडाला टांगा. येत्या ग्रामसभेत गावतलावात बांबूचा कठडा बांधण्याचा ठराव मांडा, आणि तो मांडताना तुमच्या गावात पाणी ओळखणारा जो माणूस असेल त्याला बरोबर घेऊन जा.